कंपनीचे श्रमदान आणि पावसाचे वेळापत्रक

पश्चिम घाटाच्या पूर्वेला असलेल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात दर उन्हाळ्यात माळांवर आणि डोंगरउतारांवर पाणलोटाची कामे चालतात, आणि त्यांत गावकऱ्यांच्या बरोबरीने शहरांतील कंपन्यांचे कर्मचारी टिकाव-फावडे घेऊन उतरलेले दिसणे ही गेल्या दशकात रूढ झालेली गोष्ट आहे. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू केलेली वॉटर कप स्पर्धा आणि पुढे शहरवासीयांना ‘जलमित्र’ म्हणून गावी बोलावणारे महाराष्ट्रदिनाचे महाश्रमदान यांनी या प्रथेला गती दिली. तिच्यामागचा आर्थिक आधार मात्र त्याआधीच कायद्याने उभा केला होता. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक जरी मर्यादा गाठली, तरी कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. या कामांच्या यादीत पर्यावरणाचे संवर्धनही येते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली.

कर्मचाऱ्यांची बस गावात पोहोचते त्याच्या बऱ्याच आधी खरे काम सुरू झालेले असते. पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रावर पडलेले पावसाचे पाणी अखेर एकाच ओघळीतून बाहेर पडते ते क्षेत्र, आणि त्याचे उपचार ‘माथा ते पायथा’ या क्रमानेच करावे लागतात, कारण वरचा उतार उघडा ठेवून खाली बांधलेला बंधारा थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरतो. माथ्यावरचा प्रमुख उपचार म्हणजे सलग समतल चर, अर्थात समान उंचीच्या रेषेवर खणलेली लांब चारी. ही रेषा शोधण्यासाठी इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट वापरतात: तिच्या शेंड्यावरून ओळंबा सोडतात, चौकट दोन बिंदूंवर उभी करून दोरी आडव्या पट्टीवर जेथे टेकते तेथे खूण करतात, पाय अदलाबदल करून दुसरी खूण करतात आणि दोन्ही खुणांचा मध्य हा समतलाचा बिंदू मानतात. त्यानंतर ही चौकट पावलागणिक उतारावरून पुढे नेत गावातील प्रशिक्षित माणसे आखणी करतात आणि फक्की टाकून रेषा पांढरी करतात.

या काटेकोरपणाला कारण आहे. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटरमध्ये एका भरण्यात सुमारे १८० लिटर, म्हणजे शंभर मीटरमध्ये १८ हजार लिटर पाणी थांबते आणि हळूहळू मुरते. पण चराचा तळ एका बाजूला कलला, तर सगळे पाणी त्या टोकाकडे धावते, तेथला भराव फोडते आणि मुरवण्यासाठी खणलेल्या चारीतूनच नवी ओघळ जन्माला येते. हा भराव चराच्या कडेला उभा राहावा म्हणून खणलेली माती नेहमी उताराच्या खालच्या अंगाला टाकली जाते. हौसेने आलेल्या नवख्या हातांकडून माती वरच्या अंगाला पडली, तर पहिल्या सरीतच ती चरात परत येते, आणि ते टाळण्यासाठी प्रत्येक गटाबरोबर गावातील एक जाणता माणूस उभा असतो. तेवढ्या सकाळपुरता कार्यालयातला अधिकारी शेतमजुराच्या सूचनेवर चालतो.

केवळ उपसलेल्या मातीचा हिशेब मांडला, तर हा उपक्रम फारसा टिकत नाही, कारण कार्यालयात बसणाऱ्या माणसांचा मोठा गट सकाळभरात जेवढे खणतो, त्याहून किती तरी अधिक खोदकाम जेसीबी थोड्या वेळात करतो. त्यातच ऊन चढू लागले की काम थांबवावेच लागते. कायद्याच्या दृष्टीनेही या घामाला किंमत नाही: केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०२१ च्या स्पष्टीकरणानुसार कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैशांत मूल्य काढून ते सामाजिक खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे श्रमदान कंपनीच्या बंधनकारक खर्चाबाहेर राहते आणि त्याचा उपयोग अन्यत्र शोधावा लागतो. कर्मचाऱ्यांना उतार, माती आणि पाणी यांचा संबंध प्रत्यक्ष समजतो, गावातील कुंपणावर बसलेल्या मंडळींनाही बाहेरची माणसे राबताना पाहून उतरावेसे वाटते, आणि निधी मंजूर करणाऱ्यांना आपण कशासाठी पैसे देत आहोत हे अहवालाबाहेर दिसते.

भागीदारीचा खरा कस लागतो तो वेळापत्रकांच्या संघर्षात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, तर चर खणण्याचा भर एप्रिल-मेमध्ये असतो. पर्यावरण दिन ५ जूनला येतो, तर पर्जन्यछायेत रोप लावण्याजोगी ओल बहुधा त्यानंतरच होते, आणि त्याआधी छायाचित्रासाठी लावलेली रोपे टँकरच्या पाण्यावर तगवावी लागतात किंवा वाळतात. यावर नियमांतच एक वाट आहे. काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केले, तर न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. ही मुदत पाणलोटाच्या कामाला साजेशी आहे, कारण चरांतील गाळ काढणे, फुटलेले भराव सांधणे आणि भरावावरच्या झाडांभोवती चराईबंदी पाळणे हे सारे पुढच्या हंगामांत करायचे असते. चराईबंदीचा निर्णय तर कोणतीही कंपनी घेऊ शकत नाही; ज्यांची गुरे त्या गायरानावर जातात, त्यांच्या ग्रामसभेनेच तो घ्यावा लागतो.

कर्मचाऱ्यांचे व्यावसायिक कौशल्य उपयोगी पडते तेही याच टप्प्यावर. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याच्या ताळेबंदाची, म्हणजे पाऊस किती पडला, किती मुरला आणि त्यावर कोणती पिके घेता येतील याचा वार्षिक हिशेब ग्रामसभेपुढे मांडण्याची पद्धत रुजवली आहे. असा हिशेब ठेवू पाहणाऱ्या गावाला निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांच्या नोंदी नीट जुळवून देणारा लेखापाल किंवा ओघळींचा नकाशा करून देणारा अभियंता हा टिकाव मारणाऱ्या दहा पाहुण्यांपेक्षा अधिक मोलाचा ठरतो, मात्र आकडे गावाच्या ताब्यात राहिले पाहिजेत आणि ते वाचण्याची रीत गावातील तरुणांना शिकवली गेली पाहिजे. कारण मुरलेले पाणी ऊस आणि कूपनलिका यांनी उपसून संपवायचे की हंगामभर पुरवायचे हा प्रश्न अखेरीस पीकपद्धतीचा आहे, आणि कंपनीने निधी, माणसे व तंत्र पुरवले तरी त्याचे उत्तर ग्रामसभेलाच द्यावे लागते. म्हणूनच अशा भागीदारीचे मूल्यमापन श्रमदानाच्या तासांवरून किंवा लावलेल्या रोपांच्या संख्येवरून न करता, प्रकल्पाची मुदत संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात विहिरींची पातळी कोठे आहे आणि ती मोजण्याचे काम गावाने चालू ठेवले आहे का, या दोन गोष्टींवरून करणे अधिक न्याय्य ठरते.