इशारा आला, वादळ आले नाही, मग?

रेडिओवर वादळाचा इशारा येतो. आपण कांदा झाकतो, कडबा आत घेतो, एका दिवसाची मजुरी घालवतो. आणि वारा भलतीकडेच निघून जातो. मग पारावर हशा होतो. "हवामानवाले सांगतील त्याच्या उलटे धरावे!" शेतकरी बंधू-भगिनींनो, हा हशा पुढच्या खेपेला महागात पडतो.

जून २०१९ मध्ये 'वायू' चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर चालून येत होते. सुमारे तीन लाख माणसे हलवली, आणि वादळाने ऐन वेळी वाट बदलली. पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षे जातात, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. घाटावरच्यांनी मात्र ध्यानात घ्यावे, की तेच वादळ पुढे पुणे, नाशिककडे सरकले होते.

वादळ म्हणजे रुळावरची गाडी नव्हे. उंचावरचे वारे त्याला ढकलत नेतात. ते वारे बदलले की वाटही बदलते. म्हणून हवामान खात्याच्या नकाशात पुढच्या वाटेचा पट्टा दाखवतात, आणि जितके दिवस पुढचे सांगायचे तितका तो पट्टा रुंद होत जातो. पट्ट्यातल्या सगळ्या गावांना इशारा मिळतो, तडाखा थोड्यांनाच बसतो. बाकीच्यांना वाटते, आपल्याला फसवले.

ओडिशाने हा हिशेब फार मोठी किंमत देऊन शिकला. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले होते. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. फायलिनचा जोर थोडा कमी होता हे खरे, पण एवढा फरक काही वाऱ्याने पडत नाही. मधल्या काळात निवारे बांधले गेले आणि गावागावांत निरोप पोचवणारी माणसे तयार झाली.

आपल्याकडे अडते ते इथेच. निरोप थोरल्या मुलाच्या मोबाइलवर येतो आणि तिथेच राहतो. रानात गेलेल्या आईला, वस्तीवरच्या म्हाताऱ्याला पत्ताच नसतो. तेव्हा इशारा आला की देवळाच्या कर्ण्यावरून सांगा, वस्तीवर माणूस पाठवा.

रंगांचेही समजून घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे आता हालचाल करा. इशारा बहुधा जिल्ह्याला असतो. तुमच्या शिवारात थेंबही पडला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. नारिंगी रंग आला की तोडणीला आलेला माल काढून घ्यावा, खत-बियाणे उंचावर ठेवावे, पत्र्यांवर वजन टाकून ते आवळावेत. तांबड्याला माणसांनी पक्क्या घरात जावे. गुरे दाव्याला बांधून ठेवू नयेत, कच्च्या गोठ्यातून मोकळी करावीत. आणि वारा एकाएकी पडला तरी लगेच बाहेर येऊ नये. वादळाचा मध्यभाग डोक्यावर असला तर थोड्या वेळाने उलट्या दिशेने तितकाच जोराचा वारा सुटतो. 'आता सरले' अशी खबर रेडिओवर येईपर्यंत दार लावूनच बसावे.