पैसे पाठविण्याचा खर्च व तो वाचविण्याचे मार्ग

शेतमाल बाजारात विकला गेला आणि पट्टी हाती आली, म्हणजे हमाली, तोलाई इत्यादी बाबींखाली किती रक्कम कापली गेली हे शेतकरी बारकाईने पाहतो. परंतु हाच पैसा पुढे दुसऱ्यास पाठविताना किती खर्च होतो, याचा हिशोब फारच थोडे लोक ठेवतात. बी-बियाणे व खते यांचे बिल, ठिबक संचाची किंमत, अवजारांचा हप्ता, शहरात शिकणाऱ्या मुलाचा खाणावळीचा खर्च अशा अनेक कारणांनी शेतकरी कुटुंबास वर्षभर पैसे पाठवावे लागतात. प्रत्येक वेळचा खर्च अल्प दिसला तरी वर्षाअखेर त्याची बेरीज लहान राहत नाही. त्यातील बराचसा भाग केवळ माहितीच्या अभावी खर्ची पडतो.

जुनी व नवी व्यवस्था

पूर्वी परगावी पैसे पाठविण्याचा ग्रामीण भागातील मुख्य मार्ग म्हणजे टपाल खात्याची मनीऑर्डर. तिचे कमिशन पुढे दर २० रुपयांस १ रुपया, म्हणजे शेकडा ५ रुपये, इतके झाले होते. १,००० रुपये पाठविण्यास ५० रुपये पडत. मोठ्या रकमेसाठी बँकेचा ड्राफ्ट काढावा लागे आणि घाई असल्यास बँक तारेने पैसे पाठवी. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तत्पूर्वीच बँकांनी संगणकाच्या साहाय्याने रक्कम पाठविण्याच्या नव्या पद्धती सुरू केल्या होत्या. आज प्रचारात असलेल्या अशा पद्धती मुख्यतः चार आहेत.

पहिली आर.टी.जी.एस. ही मार्च २००४ मध्ये सुरू झाली. हीमध्ये किमान २ लाख रुपये पाठवावे लागतात व प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे तत्काळ पुरा होतो. दुसरी एन.ई.एफ.टी. ही नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली. हीमध्ये दर अर्ध्या तासास व्यवहारांचा एक गट करून रकमा चुकत्या केल्या जातात. किमान रकमेची अट नाही. तिसरी आय.एम.पी.एस. ही नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झाली असून तिच्याद्वारे ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम लगेच पोहोचते. चौथी यू.पी.आय. ही २०१६ साली सुरू झाली. हीमध्ये मोबाईल दूरध्वनीवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे जातात. एका व्यक्तीने दुसरीस पाठवावयाच्या रकमेची मर्यादा सामान्यतः दिवसास १ लाख रुपये आहे.

यू.पी.आय. व आय.एम.पी.एस. या पद्धती प्रारंभापासूनच अहोरात्र चालू आहेत. एन.ई.एफ.टी. १६ डिसेंबर २०१९ पासून व आर.टी.जी.एस. १४ डिसेंबर २०२० पासून सुटीच्या दिवशीही चोवीस तास उपलब्ध झाली. मात्र बँकेच्या शाखेत जाऊन व्यवहार करावयाचा असल्यास शाखेची वेळ सांभाळावीच लागते.

आकार किती पडतो?

या बाबतीत एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. बचत खातेदाराने मोबाईल किंवा संगणकावरून स्वतः एन.ई.एफ.टी. केल्यास बँकेने त्याबद्दल कोणताही आकार घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. तोच व्यवहार शाखेत अर्ज भरून केल्यास बँक आकार घेऊ शकते. त्याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिली आहे. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ती पुढीलप्रमाणे होते.

शाखेतून एन.ई.एफ.टी. :
१०,००० रुपयांपर्यंत – २ रुपये ९५ पैसे.
१०,००० च्या वर व १ लाखापर्यंत – ५ रुपये ९० पैसे.
१ लाखाच्या वर व २ लाखांपर्यंत – १७ रुपये ७० पैसे.
२ लाखांच्या वर – २९ रुपये ५० पैसे.

शाखेतून आर.टी.जी.एस. :
२ लाखांपासून ५ लाखांपर्यंत – २८ रुपये ९१ पैसे.
५ लाखांच्या वर – ५८ रुपये ४१ पैसे.

या कमाल मर्यादा होत. एखादी बँक याहून कमी आकार घेते किंवा मुळीच घेत नाही. याहून अधिक मात्र तिला घेता येत नाही. आय.एम.पी.एस.चा आकार प्रत्येक बँक स्वतः ठरविते, म्हणून तो आधी विचारून घ्यावा. यू.पी.आय.द्वारे एका बँक खात्यातून दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पैसे पाठविण्यास आकार पडत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एन.ई.एफ.टी. किंवा आर.टी.जी.एस.ने खात्यावर येणाऱ्या रकमेवर कोणताही आकार नाही. उसाचे बिल, व्यापाऱ्याने जमा केलेली मालाची किंमत किंवा पीएम-किसान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता खात्यावर पूर्णच जमा झाला पाहिजे. पासबुकात अशा जमेसमोर आकार लावलेला दिसल्यास शाखेत जाऊन त्याचे कारण विचारावे.

काही उदाहरणे

समजा, एका शेतकऱ्यास बियाणे व खतांच्या विक्रेत्यास ६०,००० रुपये द्यावयाचे आहेत. त्याने शाखेतून १०,००० रुपयांचे सहा हप्ते पाठविले, तर कमाल दराने १७ रुपये ७० पैसे लागतील. तीच रक्कम एकदम पाठविल्यास ५ रुपये ९० पैसे पुरतील. म्हणून विक्रेत्याशी झालेल्या करारास बाधा येत नसेल, तर एका देण्याचे विनाकारण तुकडे करू नयेत.

समजा, ट्रॅक्टरच्या किमतीपैकी ६ लाख रुपये पाठवावयाचे आहेत. शाखेतून आर.टी.जी.एस. केल्यास ५८ रुपये ४१ पैशांपर्यंत आकार पडेल, एन.ई.एफ.टी. केल्यास २९ रुपये ५० पैशांहून अधिक पडणार नाही. रिझर्व्ह बँकेने एन.ई.एफ.टी.ला कमाल रकमेचे बंधन घातलेले नाही. काही बँकांची स्वतःची मर्यादा असू शकते. अर्ध्या-एक तासाचा उशीर चालण्यासारखा असेल, तर मोठ्या रकमेसाठी आर.टी.जी.एस.च केली पाहिजे असे नाही.

तिसरे उदाहरण लहान रकमेचे, पण अधिक बोधप्रद आहे. समजा, तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलास दरमहा ४,००० रुपये पाठविण्यासाठी घरची मंडळी गावातील एखाद्या दुकानदाराकडे रोख रक्कम देतात व तो हजारी १० रुपये घेऊन पैसे पाठवितो. वर्षाचे ४८० रुपये झाले. शाखेतून दरमहा पाठविल्यास वर्षास ३५ रुपये ४० पैसे होतील आणि स्वतःच्या मोबाईलवरून पाठविल्यास काहीच पडणार नाही.

हिशोबात न धरलेला खर्च

बँकेचा आकार हा एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो. शाखा दूर असेल तर एस.टी.चे भाडे व बुडालेली मजुरी हाच खरा मोठा खर्च होय. जाण्यायेण्यास ८० रुपये व दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली, तर २ रुपये ९५ पैशांच्या कामासाठी ४८० रुपये खर्च झाले असे म्हणावे लागेल. पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत तर एक दिवस वाया जाण्याचे नुकसान याहूनही अधिक असते. तेव्हा मोबाईलचा उपयोग शिकून घेणे हा आकार वाचविण्यापेक्षाही दिवस वाचविण्याचा मार्ग आहे.

ज्यांच्याकडे साधा मोबाईल आहे त्यांनाही ही सोय मिळते. *९९# हा क्रमांक फिरवून इंटरनेटशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत रक्कम पाठविता येते. साध्या दूरध्वनीसाठीच मार्च २०२२ मध्ये यू.पी.आय. १२३पे ही सेवा सुरू करण्यात आली. मात्र खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक चालू स्थितीत असणे यासाठी आवश्यक आहे.

बँक मित्राकडून पैसे काढताना किंवा भरतानाही सावध राहावे. बँकेच्या वतीने केलेल्या कामाचा मोबदला त्यास बँक देते. त्याने स्वतः ग्राहकाकडून वेगळा आकार घ्यावयाचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २,००० रुपयांच्या हप्त्यातून कोणी २० किंवा ५० रुपये ठेवून घेत असेल, तर ते नियमास धरून नाही.

खात्यातील शिलकेकडेही लक्ष द्यावे. काही खात्यांत किमान शिल्लक ठेवावी लागते. हंगामात सर्व रक्कम एकदम पाठवून शिल्लक त्या मर्यादेखाली गेली, तर होणारा दंड पाठविण्याच्या आकारापेक्षा कितीतरी अधिक असू शकतो. मूलभूत बचत ठेव खाते व जनधन खाते यांना किमान शिलकेची अट नाही. तसेच दुसऱ्याच्या खात्यावर परगावच्या शाखेत रोख भरणा केल्यास काही बँका वेगळा आकार लावतात. त्यापेक्षा ती रक्कम आपल्या खात्यावर भरून पुढे पाठविणे पुष्कळदा स्वस्त पडते.

चुकीच्या खात्याचा धोका

आकार वाचविण्याच्या नादात रक्कमच गमावली जाऊ नये. एन.ई.एफ.टी. व आर.टी.जी.एस.मध्ये रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होते; अर्जावर लिहिलेल्या नावाशी तो पडताळून पाहिला जात नाही. एक आकडा चुकल्यास पैसे भलत्याच्या खात्यात जातात व परत मिळविण्यास त्याची संमती लागते. म्हणून खाते क्रमांक पासबुकावरून उतरून घ्यावा, तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नये. आय.एफ.एस.सी. संकेतांक अकरा अक्षरांचा असतो. त्यातील पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान शून्याचे व शेवटची सहा शाखेची असतात. हे ध्यानात ठेवल्यास शून्याऐवजी अक्षर लिहिण्याची नेहमीची चूक टळते.

खाते क्रमांक घातल्यावर खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला व ही सोय विनाशुल्क ठेवली. मोठी रक्कम पाठविण्यापूर्वी तिचा लाभ अवश्य घ्यावा. नव्या खात्यावर प्रथम १ रुपया पाठवून तो पोहोचल्याची खात्री करणे हाही चांगला उपाय आहे. व्यवहाराचा यू.टी.आर. क्रमांक असलेली पावती जपून ठेवावी. एन.ई.एफ.टी.ची रक्कम गटाचा हिशोब झाल्यापासून दोन तासांत जमा झाली पाहिजे किंवा परत आली पाहिजे. बँकेकडून उशीर झाल्यास रेपो दरापेक्षा २ टक्के अधिक दराने व्याज देण्याची तिच्यावर जबाबदारी आहे.

यू.पी.आय.चा पिन केवळ पैसे देण्यासाठी लागतो; घेण्यासाठी कधीही लागत नाही. "पैसे जमा करावयाचे आहेत, पिन सांगा" असे म्हणणारा मनुष्य फसविणारा आहे, हे निश्चित समजावे. फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

परदेशातून येणारा पैसा

कोकणातील अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत नोकरीस आहेत. तेथून येणाऱ्या पैशावरील खर्च तीन ठिकाणी होतो: पाठविणाऱ्या संस्थेचा आकार, मधल्या बँकेची कपात आणि चलनाच्या दरातील फरक. यांपैकी तिसरा डोळ्यांस दिसत नाही. समजा, १,००० दिरहम पाठवावयाचे आहेत. एक संस्था आकार घेत नाही, पण दिरहमास २२ रुपये ५० पैसे देते. हाती २२,५०० रुपये येतात. दुसरी २० दिरहम आकार घेते, पण दर २३ रुपये २० पैसे देते. उरलेल्या ९८० दिरहमांचे २२,७३६ रुपये होतात. "आकार नाही" असे सांगणारी संस्थाच येथे २३६ रुपयांनी महाग पडली. म्हणून एकच प्रश्न विचारावा: गावच्या खात्यावर एकूण किती रुपये जमा होतील? असा खर्च २०३० सालापर्यंत शेकडा ३ च्या खाली आणावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाचे उद्दिष्ट आहे. ठराविक आकार असल्यास लहान रकमा वारंवार पाठविण्यापेक्षा दोन महिन्यांची रक्कम एकदम पाठविणे फायद्याचे ठरते.

ग्राम कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जवळच्या बँकांचे दर एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ज्यांचा मोबाईल क्रमांक खात्याशी जोडलेला नाही अशांची यादी करून त्यांची एकत्रित सोय शाखेत करून द्यावी, म्हणजे प्रत्येकाचा एकेक दिवस वाचेल. शिकविताना शेतकऱ्याच्या हातूनच १ रुपयाचा व्यवहार करून घ्यावा. त्याचा मोबाईल किंवा पिन स्वतःच्या हाती मात्र घेऊ नये. जादा आकार लागल्याची तक्रार प्रथम बँकेकडे लेखी करावी व तिची पोच घ्यावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते व त्यासाठी शुल्क पडत नाही.

मालाच्या पट्टीतील प्रत्येक कपात जो शेतकरी तपासतो, त्याने पासबुकातील प्रत्येक कपातही तशीच तपासावी. वर्षातून दोन वेळा, खरिपाच्या पेरणीपूर्वी व रब्बीच्या काढणीनंतर, पासबुक भरून घेऊन आकाराच्या रकमांची बेरीज करण्याची सवय प्रत्येक कुटुंबाने लावून घ्यावी. वाचलेले चारपाचशे रुपये मुलाच्या वह्यापुस्तकांस किंवा घरच्या दुसऱ्या गरजेस उपयोगी पडतील.