परवानगी आणि ऐपत : अमेरिकेतल्या गर्भपाताच्या वादाविषयी

मागच्या वेळी आपण जॉन रॉल्सपाशी थांबलो होतो. १९७१च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात तो एक भेद करतो. स्वातंत्र्य वेगळं आणि त्या स्वातंत्र्याचं मोल वेगळं. स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं. पण ज्याच्याकडे पैसा कमी, सत्ता कमी, त्याच्या लेखी त्याच स्वातंत्र्याचं मोल कमी. म्हणजे गरिबीने स्वातंत्र्य जात नाही, त्याचं मोल घटतं. त्यावर एका श्रोत्याने विचारलं, ‘‘सर, हा नुसता शब्दांचा खेळ नाही का?’’ प्रश्न रास्त आहे. आज आपण तो अमेरिकेतल्या गर्भपाताच्या वादात नेऊन पाहू. तिथे जवळपास हाच भेद न्यायालयाच्या निकालात उतरला, आणि मग तो शब्दांचा खेळ राहिला नाही.

आधी एक गोष्ट सांगून टाकू. गर्भ ही व्यक्ती आहे का, या प्रश्नात आज आपण शिरणार नाही. ज्यूडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ सालीच दाखवलं होतं, की गर्भ व्यक्ती आहे असं घटकाभर मानलं, तरी दुसऱ्याचं शरीर वापरण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही. ज्यांना गर्भपात म्हणजे हत्याच वाटते, त्यांचं एवढ्याने समाधान होत नाही. आणि ती माणसं ढोंगी आहेत असं आम्ही म्हणणार नाही. तो वाद मोठा आहे, त्याला स्वतंत्र व्याख्यान हवं. आज आपल्याला पाहायचं आहे ते असं, की अमेरिकेतले पुरोगामी लोक गर्भपात, निवडणुका आणि आर्थिक विषमता हे तीन विषय एका दमात का घेतात. वरवर पाहिलं तर एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?

१९७३ सालचा ‘रो विरुद्ध वेड’ हा निकाल आपल्याला माहीत आहे. त्याचा पाया कोणता होता? स्त्री-पुरुष समता नव्हे, आरोग्याचा हक्कही नव्हे. पाया होता खाजगीपणाचा. हा बाईचा आणि तिच्या डॉक्टरचा मामला, सरकारने ठरावीक मर्यादेपर्यंत त्यात पडू नये. आता खाजगीपणाचा हक्क कसा असतो बघा. तो दार लावून घ्यायला उपयोगी पडतो. पण ज्याला घरच नाही, त्याने दार कुठलं लावायचं?

तीनच वर्षांत, १९७६ साली, इलिनॉयचे प्रतिनिधी हेन्री हाइड यांनी सरकारी खर्चाच्या विधेयकाला एक कलम जोडलं. मेडिकेड म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना. तिच्यातला केंद्राचा पैसा, अगदी मोजके अपवाद सोडून, गर्भपाताला वापरायचा नाही. हाइड यांचा सरळपणा असा, की त्यांनी सभागृहात मोकळेपणाने सांगितलं : मला श्रीमंत, मध्यमवर्गीय, गरीब सगळ्याच बायकांचा गर्भपात थांबवायचा आहे, पण माझ्या हाती फक्त मेडिकेडचं विधेयक आहे. थोडक्यात, हात पोचला तो गरीब बाईपर्यंतच. आणि यावर डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष जिमी कार्टर काय म्हणाले? १९७७च्या पत्रकार परिषदेत त्यांना विचारलं गेलं, की हे न्याय्य आहे का. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की श्रीमंतांना परवडतात आणि गरिबांना परवडत नाहीत अशा पुष्कळ गोष्टी जगात आहेत. कार्टर सज्जन माणूस. म्हणूनच हे उत्तर आम्हाला जास्त बोचतं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘हॅरिस विरुद्ध मॅक्रे’, १९८०, पाच विरुद्ध चार. बहुमताचं म्हणणं असं : सरकारने बाईच्या वाटेत अडथळा उभा करू नये हे खरं, पण जो अडथळा सरकारने उभा केला नाही तो दूर करण्याची जबाबदारीही सरकारवर नाही, गरिबी हा असा, सरकारने उभा न केलेला अडथळा आहे.

इथे जरा थांबू. गरिबी सरकारने उभी केलेली नाही, हे विधान हवापाण्याविषयीच्या विधानासारखं केलेलं आहे. पण अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे आणि २००९ पासून ते वाढलेलं नाही. ते कुणी वाढवलं नाही? पावसाने? वेतनाचा दर, कराचे टप्पे, युनियनचे कायदे हे सगळं विधिमंडळात ठरतं. पुरोगामी टीकेचा गाभा इथे आहे. परवानगी आणि ऐपत यांच्यात रेघ ओढायची, आणि ऐपत हा निसर्गाचा भाग आहे असं मानायचं, हीच मुळात चूक. श्रोत्याच्या प्रश्नाला आमचं उत्तर हे, की रॉल्सचा भेद शब्दांचा खेळ नाही. पण तो असा निष्काळजीपणे वापरला तर त्याचा खेळ होतो.

या बायका कोण, हेही पाहायला हवं. तिकडच्या पाहण्यांनुसार गर्भपात करून घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक आधीच आई असतात आणि बहुसंख्य गरीब किंवा अल्प उत्पन्न गटातल्या असतात. डायना ग्रीन फॉस्टर यांच्या गटाने जवळजवळ एक हजार स्त्रियांचा पाच वर्षं मागोवा घेतला. काहींना गर्भपात मिळाला होता, काही मुदत थोडक्यात उलटल्याने परत पाठवल्या गेल्या होत्या. परत पाठवलेल्या बायका पुढची कित्येक वर्षं जास्त गरिबीत आणि थकलेल्या कर्जात सापडल्या. म्हणजे गरिबीमुळे हक्क गेला आणि हक्क गेल्यामुळे गरिबी वाढली. १९९४ साली कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका गटाने ‘प्रजनन न्याय’ ही कल्पना मांडली, ती याच अनुभवातून. मूल न होऊ देण्याचा हक्क, होऊ देण्याचा हक्क, आणि झालेलं मूल नीट वाढवता येईल अशा परिस्थितीचा हक्क, हे तिन्ही एकत्र.

आता निवडणुका. २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्ज’ निकालाने रो रद्द झाला. न्यायालय म्हणालं, हा प्रश्न आम्ही लोकांकडे आणि त्यांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींकडे परत देतो. ऐकायला लोकशाहीचंच बोलणं. पण ‘लोक’ आणि ‘त्यांचे प्रतिनिधी’ हे दोन एकच आहेत का?

विस्कॉन्सिन राज्य घ्या. २०१८ साली तिथल्या विधानसभेला डेमोक्रॅट उमेदवारांना मिळून सुमारे ५३ टक्के मतं पडली. जागा मिळाल्या ९९ पैकी ३६. मतदारसंघांच्या सीमा सत्ताधाऱ्यांनी सोयीने आखल्या की असं होतं, आणि अशा पक्षीय आखणीत आम्ही लक्ष घालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलं. डॉब्जनंतर या राज्यात १८४९ सालचा कायदा पुन्हा जिवंत झाल्याचं मानलं गेलं आणि दवाखान्यांनी वर्षभराहून जास्त काळ गर्भपात बंद ठेवले. १८४९! बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० साली. राज्यपालांनी तो कायदा रद्द करायला खास अधिवेशन बोलावलं, तर विधिमंडळाने ते उघडून काही सेकंदांत मिटवलं. मग लोकांकडे काय परत आलं?

जिथे थेट लोकांना विचारलं गेलं, तिथे चित्र निराळं दिसलं. कॅन्सस हे रिपब्लिकन राज्य. तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यघटनेतलं संरक्षण काढण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्क्यांनी फेटाळला गेला. ओहायोत आधी घटनादुरुस्तीसाठी ६० टक्क्यांची अट घालायचा प्रयत्न झाला. लोकांनी तो हाणून पाडला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हक्क मंजूर केला. फ्लोरिडात मात्र ही ६० टक्क्यांची अट आधीपासून आहे, त्यामुळे २०२४ साली ५७ टक्के मतं मिळूनही हक्क हरला. आणि टेक्सासमध्ये नागरिकांनी सह्या गोळा करून असं मतदान घडवून आणण्याची सोयच नाही. ज्या बाईकडे विमानाचं तिकीट, दोन दिवसांची रजा आणि लेकरांना सांभाळायला कुणी आहे, ती न्यू मेक्सिकोला जाते. बाकीच्यांचं काय, हे १९८०च्या निकालाला विचारा.

रॉल्सने मोलाच्या बाबतीत एकच अपवाद केला होता : राजकीय स्वातंत्र्याचं मोल मात्र सगळ्यांसाठी जवळपास सारखं राहिलं पाहिजे, नाहीतर पैसेवाले कायदेच आपल्या सोयीने करून घेतील. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत मताची समता आणि जगण्यातली विषमता यांच्या विसंगतीचा जो इशारा दिला, तो याच जागेवर बोट ठेवतो. अमेरिकेत २०१०च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने निवडणुकीतल्या कंपन्यांच्या खर्चावरची बंधनं उठवली. तळच्या निम्म्या कुटुंबांकडे देशाच्या संपत्तीचा अगदीच थोडा वाटा असताना हे झालं.

पण दोष एका बाजूचा नाही. पुरोगाम्यांनी जवळपास पन्नास वर्षं न्यायालयावर विसंबून काढली. राज्यांच्या विधानसभा हातातून गेल्या तरी त्यांना घाई वाटली नाही. जो बायडन हाइड कलमाच्या पाठिंब्यापासून मागे हटले ते २०१९ साली, अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिल्यावर.

शेवटी मिसुरी. नोव्हेंबर २०२४, एकच दिवस, एकच मतपत्रिका. ट्रम्प यांना सुमारे ५८ टक्के. गर्भपाताच्या हक्काला ५१ टक्क्यांहून अधिक. किमान वेतन १५ डॉलर करण्याला आणि भरपगारी आजारपणाच्या रजेला सुमारे ५७ टक्के. म्हणजे तीच माणसं त्यांना हवे असलेले कायदे एका खुणेने मागत होती आणि ते कायदे नको असलेले प्रतिनिधी दुसऱ्या खुणेने निवडत होती. पुढच्या वर्षी त्या प्रतिनिधींनी आजारपणाची रजा रद्द केली आणि गर्भपातबंदीचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला लावला. या मतदाराला अडाणी म्हणून मोकळं होता येईल, तिकडचे काही पुरोगामी तसं म्हणतातही. आम्हाला वाटतं, त्याला पक्षाचा भरवसा वाटत नाही आणि हक्काचा वाटतो. तो भरवसा का गेला, यासाठी आपल्याला कारखाने आणि युनियन यांच्याकडे जावं लागेल. ते पुढच्या वेळी. आता प्रश्न घेऊ.