दोन हेक्टरांचा धनी

तेलाचा विषय गृहिणींचा आणि वाण्यांचा. कामगार चळवळीतल्या माणसाचे त्यात काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शिधापत्रिकेवर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. ज्या वस्त्यांत आम्ही सभा घेतो, तिथल्या चकल्या त्या तेलात तळल्या गेल्या. फरसाणाच्या दुकानात, बिस्किटाच्या पुड्यात, अंगाच्या साबणात हेच तेल असते. अलीकडच्या वर्षांत भारताने दरसाल सुमारे ७५ लाख ते १ कोटी टन पामतेल बाहेरून आणले, आणि त्यातले बहुतेक इंडोनेशिया व मलेशिया या दोन देशांतून आले. चकली तळणारी बाई आणि सुमात्रातला शेतकरी यांचा व्यवहार अशा रीतीने रोजचा आहे. ओळख मात्र कोणी करून दिलेली नाही.

पामतेल म्हटले की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे कंपन्यांचे अफाट मळे, पेटलेली अरण्ये आणि बेघर झालेला ओरांगउटान उभा राहतो. हे चित्र खोटे नाही. १९९७ साली आणि पुन्हा २०१५ साली सुमात्रा व बोर्निओतल्या आगींचा धूर सिंगापूरपर्यंत पोचला होता. पण चित्रातून एक माणूस गळतो. इंडोनेशियातल्या तेलताडाच्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे चाळीस टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांच्या हाती आहे. कोणाचे दोन हेक्टर, कोणाचे चार. आमच्या मापाने दोन हेक्टर म्हणजे पाच एकर.

हे झाड तिथले नव्हे. ते पश्चिम आफ्रिकेचे. १८४८ साली जावातल्या बोगोरच्या वनस्पतिउद्यानात त्याची चार रोपे लावली गेली, आणि सुमात्रात व्यापारी लागवड सुरू झाली ती १९११ पासून. लावल्यावर अडीच-तीन वर्षांत फळ धरते आणि पंचवीस वर्षे देत राहते. एका हेक्टरातून तीन-चार टन तेल निघते. सोयाबीनच्या हेक्टरातून जेमतेम अर्धा टन. म्हणून 'पामतेलच नको' म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न असतो की, तेवढे तेल दुसऱ्या पिकातून काढायला जमीन कुठून आणणार?

आता या पिकाची खरी गोम. घड झाडावरून उतरला की फळातली आम्लता वाढू लागते. चोवीस तासांच्या आत तो गिरणीत पोचला तर उत्तम. दोन दिवस गेले की तेलाची प्रत उतरते आणि भावही उतरतो. महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तुटलेला ऊस बांधावर वाळत पडला म्हणजे शेतकऱ्याची काय अवस्था होते आणि कारखान्याच्या काट्यावर कोणाचा विश्वास असतो, हे आपण जाणतो. ज्याचा माल नासणारा आणि गिऱ्हाईक एकच, त्याला घासाघीस करता येत नाही. सुमात्रात गिरणी आणि शेतकरी यांच्यामध्ये आणखी एक जण उभा असतो. त्याला तिकडे 'तेंगकुलाक' म्हणतात. आपण अडत्या म्हणू. गाडी त्याची, वजन त्याचे, आणि अडीअडचणीला उचलही त्याचीच. उचल घेतलेला शेतकरी फळ दुसऱ्याला घालू शकत नाही.

सरकारने यावर एक योजना काढली होती. मध्यभागी कंपनीचा मळा आणि गिरणी, त्याला 'इंती' म्हणजे गाभा म्हणायचे. भोवती शेतकऱ्यांचे तुकडे, त्यांना 'प्लास्मा'. जावातून आणून वसवलेल्या कुटुंबांना असे दोन-दोन हेक्टर मिळाले, आणि लागवडीचे कर्ज फळाच्या पैशातून कापले गेले. यात शेतकऱ्याला रोप चांगले मिळाले, रस्ता मिळाला. स्वातंत्र्य मिळाले नाही. पुढे अनेकांनी आपल्या हिमतीवर ताड लावला. त्यांना 'स्वदाया' म्हणतात. त्यातला 'स्व' आपलाच आहे. पण स्वतःच्या हिमतीवर म्हणजे सल्ल्यावाचून, कर्जावाचून, आणि बरेचदा फसव्या रोपांवर.

रोपाची फसवणूक कशी होते ते पाहण्यासारखे आहे. तेलताडात जाड कवचाची 'ड्युरा' आणि बिनकवचाची 'पिसिफेरा' अशा दोन जाती आहेत. दोहोंच्या संकरातून पातळ कवचाची 'तेनेरा' होते. तिच्यात गर जास्त, म्हणून तेल जास्त. हा वारसा एकाच गुणसूत्रघटकावर चालतो, हे १९४१ साली काँगोत उलगडले. आता तेनेराच्या झाडाखाली पडलेली फळे वेचून कोणी रोपे केली, तर त्यांतली चौथाई ड्युरा निघतात आणि चौथाई पिसिफेरा, जिला बहुधा फळच टिकत नाही. रोप घेताना काही कळत नाही. तीन वर्षांनी कळते, आणि तोपर्यंत विकणारा गाव सोडून गेलेला असतो.

'टिकाऊ शेती' हा शब्द आम्हांला परिषदांत फार ऐकू येतो. शेतावर त्याचा अर्थ अगदी साधा आहे. चार-सहा पिकली फळे सुटून जमिनीवर पडल्याशिवाय घड कापायचा नाही. दहा ते चौदा दिवसांनी फेरी चुकवायची नाही. पडलेली सुटी फळे वेचायची, कारण सर्वांत जास्त तेल त्यांतच असते. छाटलेल्या झावळ्या जाळायच्या नाहीत, ओळींच्या मध्ये रचायच्या. नदीकाठचा पट्टा मोकळा सोडायचा. दलदलीची काळी भुसभुशीत जमीन नव्याने तोडायची नाही. तिचे पाणी काढले की ती खचते, वाळते आणि मग महिनोन्महिने धुमसते. नव्या मळ्यात जमीन झाकायला आपल्या खाजकुइलीच्या कुळातली एक वेल लावतात. ती आपल्याच ईशान्येकडच्या जंगलांतून तिकडे गेली. उंदरांसाठी विषाऐवजी गव्हाणी घुबडांना पेट्या टांगतात. फुलांचे परागसिंचन तर १९८१ पर्यंत मलेशियात मजूर हाताने करीत. त्या साली कॅमेरूनहून एक सोंडकिडा आणून सोडला आणि ते काम त्याने घेतले. त्या मजुरांचे पुढे काय झाले, हे शास्त्राच्या पुस्तकांत आम्हांला सापडले नाही.

यातले बहुतेक काम खर्चाचे नाही, शिस्तीचे आहे. खर्च आहे तो दाखल्याचा. शाश्वत पामतेलासाठी २००४ साली एक आंतरराष्ट्रीय मंडळ निघाले. त्यात कंपन्या, व्यापारी, बँका, निसर्गरक्षक संस्था बसल्या. नियम झाले, तपासनीस आले. पाच एकरांचा धनी तपासनिसाची फी कुठून देणार? इथे जी वाट निघाली, ती संघटनेची. रिआऊ प्रांतातल्या पेलालावान जिल्ह्यात 'अमानाह' नावाचा शेतकऱ्यांचा संघ आहे. आपल्या 'अमानत' शब्दाचाच हा भाऊ. २०१३ साली त्याचे ३४९ सभासद आणि ७६३ हेक्टर जमीन यांना मिळून एक दाखला मिळाला. इंडोनेशियातल्या स्वतंत्र शेतकऱ्यांना मिळालेला तो पहिला. संघ नोंदी ठेवतो, सभासदच एकमेकांचे शेत तपासतात, आणि बाहेरचा तपासनीस नमुन्यादाखल काही शेते पाहतो. आम्ही युनियनची वर्गणी गोळा करण्यात तीस वर्षे घालवली आहेत. ३४९ माणसांकडून वह्या लिहवून घेणे ही काय चीज आहे, ते आम्हांला विचारा.

२०१९ साली त्या मंडळाने लहान शेतकऱ्यांसाठी निराळे नियम केले. पात्रता, मग दोन वर्षांत पहिला टप्पा, त्यापुढे एका वर्षात दुसरा. पात्र ठरताच उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर, मग ७० टक्क्यांवर आणि शेवटी सगळ्यावर 'क्रेडिट' विकता येते. ही क्रेडिट म्हणजे एक टन तेलामागे एक हुंडी समजा. फळ नेहमीच्याच गिरणीत जाते. हुंडी मात्र दूरची एखादी साबण कंपनी वेगळी विकत घेते. पैसा संघाला मिळतो. पण घेणारा हवा ना! दाखल्याचे तेल पुष्कळदा दाखल्याविनाच विकले जाते, कारण स्वस्त तेल मागणाऱ्या बाजारांत आपला बाजार पहिल्या रांगेत आहे.

भावाचा धक्काही आधी याच माणसाला बसतो. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने देशातली टंचाई भागवण्यासाठी पामतेलाची निर्यात बंद केली. टाक्या भरल्या, गिरण्यांनी फळ घेणे आखडले, घड झाडाखाली सडले. १७ मे रोजी शेतकरी जकार्तात निदर्शनाला उतरले. २३ मे रोजी बंदी उठली. युरोपने २०२३ साली केलेला कायदा आणखी वेगळा. २०२० नंतर तोडलेल्या अरण्याच्या जमिनीतला माल नको, आणि प्रत्येक शेताचा नकाशावरचा ठावठिकाणा दाखवा, असे तो म्हणतो. अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली आहे. हेतूला आमचा विरोध नाही. पण कंपनीकडे नकाशे तयार असतात. शेतकऱ्याकडे बरेचदा सातबाऱ्यासारखा कागदही नसतो.

आपल्याकडे २०२१ साली ११,०४० कोटी रुपयांचे तेलताड अभियान मंजूर झाले. आंध्र आणि तेलंगणात एकेका कारखान्याला क्षेत्र नेमून दिलेले असते, आणि तिथे हे झाड पावसावर नव्हे, ओलितावर वाढते. एक गिऱ्हाईक आणि खोल जाणारी विहीर, या दोन गोष्टी आपल्या शेतकऱ्याने लावणीपूर्वीच मोजून पाहाव्यात.

राहिला प्रश्न म्हाताऱ्या झाडांचा. पंचवीस वर्षांनी झाड इतके उंच होते की लांब काठीच्या कोयत्यानेही घड हाताशी येत नाही. ते तोडून नवे लावायचे तर तीन वर्षे हाती पैसा नाही. इंडोनेशियाने निर्यातीवरच्या करातून यासाठी २०१७ पासून अनुदान सुरू केले. हेक्टरी अडीच कोटी रुपिया, २०२० साली तीन कोटी, २०२४ साली सहा कोटी. अर्ज करायला संघ लागतो आणि जमीन अरण्यखात्याची नाही याचा कागद लागतो. ज्यांना ते मिळाले, ते कोवळ्या रोपांच्या ओळींत मका नाहीतर मिरची घेतात आणि पहिल्या घडाची वाट पाहतात.