आच राखण्याची विद्या

मद्याचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा दोनच वाटांनी जाते. एक वाट नीतीची आणि दुसरी महसुलाची. मद्य तयार कसे होते, त्यामागे कोणते शास्त्र आहे आणि ते करणाऱ्या हातांना कोणते ज्ञान लागते, ही तिसरी वाट मात्र ओस पडलेली असते. काजूच्या हंगामात ज्या प्रदेशात डोंगरउतारांवर भट्ट्या धगधगतात, तेथे तरी ही वाट ओस राहू नये, असे आम्हांस वाटते. या दृष्टीने इंग्लंड-अमेरिकेतील हौशी मंडळी घरच्या घरी जे एक उपकरण जुळवतात, ते विचार करण्याजोगे आहे. बिअरसाठी लागणारा धान्याचा लगदा ठरावीक तापमानावर तासभर राखणे, एवढेच त्याचे काम. परंतु त्या एवढ्याशा कामात मोठा बोध दडलेला आहे.

बिअर जवापासून, म्हणजे सातूपासून होते. जव भिजवून त्याला मोड आणतात, मग तो वाळवून भाजतात. हाच माल्ट. मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व आपल्या घरांतून लहान मुलांना देतात, त्याच जातीची ही क्रिया आहे. मोड येताना धान्यात विकरे जागी होतात. माल्ट भरडून गरम पाण्यात कालवला की ही विकरे पिठूळ भागाची साखर करतात आणि पुढे किण्व त्या साखरेचे मद्य करते. मात्र ही विकरे मोठी मानी असतात. एक विकर ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या सुमारास जोमाने काम करते आणि किण्वाला सहज पचणारी साखर देते. दुसरे ७० अंशांच्या आसपास रंगात येते, पण त्याच्या हातून किण्वाला न पचणारा अंशही बराच मागे राहतो. लगदा ६३ अंशांवर राखला तर बिअर हलकी व कोरडी होते, ६९ वर राखला तर भरीव व गोडसर होते. ७७-७८ अंशांच्या पुढे दोन्ही विकरांचा खेळ लवकरच आटोपतो. चार-सहा अंशांच्या फरकाने पेयाचा स्वभावच पालटतो, तो असा.

तापमापक नव्हता तेव्हा हे कसे साधत असेल? आपल्या गृहिणी विरजण लावताना दुधात बोट बुडवून कोमटपणा ओळखतात. युरोपातील जुने कारागीरही असेच कशावरून तरी ताडत. उकळते पाणी निवू द्यायचे आणि वाफ विरळ होऊन पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की त्यात धान्य टाकायचे, अशी इंग्लंडमधील एक खूण होती. मध्य युरोपात लगद्याचा काही हिस्सा वेगळा काढून उकळत आणि पुन्हा मूळ पात्रात ओतत. हिस्सा ठरलेला असला की तापमानाची वाढही आपोआप ठरे. तापमापकाशिवाय तापमान मोजण्याची ही युक्ती असामान्यच म्हटली पाहिजे. पुढे मायकेल कोंब्रून या लंडनच्या मद्यकाराने १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तापमापकाच्या आधारे हा धंदा शास्त्रशुद्ध करण्याचा पुरस्कार केला. उष्णता आणि यांत्रिक कार्य यांचे नाते १८४० च्या दशकात प्रयोगांनी सिद्ध करणारा जेम्स प्रेस्कॉट जूल हा सॅलफर्डच्या एका मद्यकाराचाच मुलगा. तापमानातील अतिसूक्ष्म फरक टिपण्यात त्याचा हातखंडा होता. भट्टीने विज्ञानाकडून घेतले तसे विज्ञानाला दिलेही, याची ही साक्ष आहे.

घरगुती उपकरणाला बहर आला तो मात्र कायद्याने हात सैल केल्यावर. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागे, ते बंधन १९६३ साली उठले. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरील संघराज्याचा कर गेला. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन आणि विक्रीला पूर्ण मनाई, असा तो हिशेब. राज्यांचे कायदे निराळे असल्याने अलाबामा व मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांत मोकळीक यायला २०१३ साल उजाडले. ही सवलत आंबवलेल्या बिअरपुरती होती. ऊर्ध्वपातनाला तिने हात लावला नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मोकळीक मिळताच घरोघरचे कारागीर कामाला लागले. सर्वांत साधे उपकरण म्हणजे सहलीला नेण्याची बर्फाची पेटी. जी पेटी थंडी आत राखते, ती उष्णताही आत राखते. तिच्या तळाशी भोके पाडलेली तांब्याची नळी आणि बाहेर एक तोटी बसवली की काम भागते. पाच किलो माल्टला पंधरा लिटर पाणी घ्यावे. माल्ट २८ अंशांवर असेल तर पाणी सुमारे ७१ अंशांचे लागते, म्हणजे कालवल्यावर लगदा ६६ वर स्थिरावतो. पात्र स्वतः जी उष्णता शोषते तिची भर घालावी लागते, ती निराळी. झाकण घट्ट असेल तर तासाभरात अंश-दोन अंशच घसरतात.

एवढ्यावर समाधान न मानणारे पुढची पायरी चढतात. लगद्याखालून झिरपणारा गोड रस लहानशा पंपाने उचलून, तापवून, पुन्हा वर सोडतात. तो तापवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत रस विजेच्या तापककांडीवरून जातो, तर दुसरीत गरम पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून. पहिली रीत झटपट, पण प्रवाह अडला की रस कांडीवर करपतो. दुसरी सावकाश, पण सौम्य. पंप हावरटपणे ओढू लागला तर धान्याचा थर दाबून बसतो आणि रस झिरपेनासा होतो. तेव्हा घाई दोन्हीकडे घातकच.

या साऱ्यावर नजर असते ती नियंत्रकाची. साधा नियामक आच एक तर चालू करतो, नाही तर बंद. त्यामुळे तापमान ठरल्या आकड्याच्या पुढे जाते आणि मग मागे येते. सुधारलेला नियंत्रक तीन गोष्टी पाहतो: तापमान आत्ता किती कमी आहे, ते किती वेळ कमी राहिले आहे आणि ते किती वेगाने बदलत आहे. या तिहींचा मेळ घालून तो आच मोजून देतो. जहाजाचे सुकाणू आपोआप धरण्याच्या खटपटीतून निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ साली या तत्त्वाची गणिती मांडणी केली. तांडेलाची सुकाणूवरची पकड आणि भट्टीवाल्याची आचेवरची पकड एकाच गणितात बसावी, ही कल्पना किनारपट्टीवरील वाचकांना खचितच भावेल. अर्थात पाणी आणि वीज एकत्र नांदतात तेथे भुई-जोडणी हवीच आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारे यंत्रही हवे. हौसेपायी जीव गमावण्यात शहाणपण नाही.

हा सारा खटाटोप घरी बिअर करा, असे सुचवण्यासाठी आम्ही मांडलेला नाही. आपल्याकडे परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही विसरलेलो नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. ज्याच्या हाती मोजण्याचे साधन येते, तो कारागीर कालची चूक आज ओळखतो आणि आजचे यश उद्या पुन्हा मिळवतो. साधन नसेल तर सारे ज्ञान एका माणसाच्या बोटांत राहते आणि त्याच्याबरोबरच जाते.

गोव्यातील काजूच्या भट्टीला हा न्याय तंतोतंत लागू पडतो. बोंडूंचा रस तुडवून काढायचा, तो आंबवायचा, भाणात उकळायचा आणि लावणीवर पाणी ओतून वाफ निववायची, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हुर्राक उतरला, फेणी साधली, हे जुना जाणकार फेसावरून आणि वासावरून सांगतो. ग्रावाचे माप पोर्तुगीज अमदानी संपल्यावरही टिकून आहे, म्हणजे मोजण्याचे वावडे आपल्या भट्टीवाल्याला कधीच नव्हते. पण माप आहे ते उतरलेल्या मालाचे. आचेचे, वाफेचे आणि निववणाऱ्या पाण्याचे माप अजून बहुतेक ठिकाणी अंदाजावरच चालते. एप्रिलच्या उकाड्यात रस किती तापून आंबतो, याची नोंद कितीजण ठेवतात? निववणारे पाणी कढत झाले की वाफ हवेत निसटते आणि मेहनतीचा तेवढा भाग वाया जातो. शुद्ध मद्यार्क ७८ अंशांच्या सुमारास उकळतो, पाणी १०० वर. भाणाच्या माथ्यावर बसवलेला साधा तापमापकही धार कोठवर घ्यावी आणि कोठे थांबावी, हे सांगू शकतो.

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ साली राज्याने तिला वारशाचे पेय म्हणून मान्यता दिली. मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट. तथापि वारसा जाहीरनाम्याने टिकत नाही, तो टिकतो वारसदारांच्या हाताने. भट्टीवाल्याच्या दारी सरकार बहुधा पोहोचते ते परवाना, लिलाव आणि तपासणी यांच्या रूपाने. त्याच सरकारने एकदा तापमापक हाती घेऊन तेथे जावे. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील आणि राज्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांनी एक हंगाम भट्ट्यांवर काढावा. लाकडाच्या आचेवर चालणारे, डोंगरावर वीज नसतानाही उपयोगी पडणारे आणि गावच्या कासाराला दुरुस्त करता येईल असे स्वस्त साधन त्यांनी घडवावे. सांधे शिशाने जोडू नयेत, निववणारे पाणी वाहते राहावे, रोजची नोंद वहीत उतरावी, इतक्या साध्या गोष्टींपासून आरंभ करता येईल. जुन्या जाणकारांना शिकवायला नव्हे, तर त्यांच्याकडून शिकून ते ज्ञान आकड्यांत उतरवायला तेथे गेले पाहिजे.

परदेशातील हौशी माणसाने बर्फाच्या पेटीतून आणि तांब्याच्या वेटोळ्यातून जे साधले, ते केवळ करमणुकीसाठी होते. आमच्या भट्टीवाल्याचे पोट या धंद्यावर आहे. हौसेला जे साधन मिळाले, ते पोटाला मिळू नये, याला काय म्हणावे? उत्पन्नाचा वाटा राज्य दर हंगामात मोजून घेते. आच मोजण्याचे साधन भट्टीवाल्याच्या हाती देणे, हे त्या वाट्यापुढे काहीच नाही.