सीमाभागातील विद्यार्थ्यांनो, ‘ई’ प्रकार विसरू नका

पीयूसीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी घरांतून एकच प्रश्न निघतो: मुलाला कोल्हापूर-पुण्याकडे प्रवेश मिळेल काय? गुण चांगले असूनही ‘आपण परराज्यातले’ असे समजून काहीजण अर्जच भरत नाहीत. हा समज चुकीचा आहे.

महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेश नियमांत सीमाभागासाठी ‘ई’ प्रकारची उमेदवारी आहे. वादग्रस्त सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी-बारावी झालेल्या व मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्याला त्याखाली महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. महाराष्ट्राचा दावा 865 गावांवर आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सीईटी परीक्षेचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. केंद्रीय प्रवेश फेरीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. शिवाय आपण सीमाभागातील असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन्ही दाखले लागतात. ऐनवेळी हेलपाटे घालण्यापेक्षा ते आधीच मिळवावेत.

मुलाचे नाव शाळेत घालताना मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले जाते, हे पालकांनी डोळ्यांखालून घालावे. सभेत जिचा जयघोष करतो ती मराठी त्या रकान्यातही हवी.