भराव पक्का, तर फरशी पक्की

गाळ्याची किंवा कारखान्याची फरशी खचली, की दोष सिमेंटला दिला जातो. पुष्कळदा खरे दुखणे फरशीखालच्या भरावात असते. क्रशर, ट्रक-वाहतूक आणि बांधकामाचे ठेके या धंद्यांत असलेल्या बांधवांसाठी या विषयाची व्यवहारी माहिती आम्ही येथे देत आहोत.

महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. हा दगड फोडला की खडीला धारदार कोपरे येतात. ते एकमेकांत अडकतात आणि भार पडला तरी खडी सहसा सरकत नाही. नदीतला गोल गोटा कठीण असूनही घसरतो. चपटी, लांबट खडी दाबाखाली मोडते.

मात्र एकाच मापाची खडी भरली तर मध्ये पोकळ्या राहतात. मोठ्या खडीतली पोकळी बारीक खडीने व उरलेली भुकटीने भरली, तर भराव घट्ट होतो. प्रमाण येथेच सांभाळावे लागते. बारीक माल साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे गेला, की खडीचे दाणे एकमेकांपासून सुटू लागतात आणि भार भुकटीवर येतो. तिच्यात माती असेल तर पाणी लागताच भराव मऊ पडतो.

दाबाईलाही शास्त्र आहे. माल फार कोरडा किंवा फार ओला असला तर नीट दबत नाही, ठरावीक ओलाव्यालाच तो सर्वांत घट्ट बसतो. अमेरिकन अभियंता प्रॉक्टर यांनी १९३३ साली हे मांडले. म्हणून भराव १५ ते २० सें.मी.च्या थरांनी, पाणी मारून, प्रत्येक थर रोलरने दाबत करावा. हलके यंत्र असेल तर थर आणखी पातळ ठेवावा.

ताकद मोजण्यासाठी सी.बी.आर. चाचणी आहे. दाबलेला नमुना ४ दिवस पाण्यात ठेवून त्यात ५० मि.मी. व्यासाचा दांडा दाबतात. तो २.५ मि.मी. आत जाण्यास १३७० किलो भार लागला, तर त्या खोलीवर ताकद १०० टक्के धरतात. जड यंत्रे बसवायची असतील तर हा अहवाल आधीच मागून घ्यावा.

आता हिशेबाची गोष्ट. खडी ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांवर विकली जाते आणि ते माप ट्रकमधल्या सैल मालाचे असते. दाबल्यावर तोच माल कमी जागा व्यापतो. तेव्हा दर सैल मापाचा की दाबलेल्या भरावाचा, हे सौद्याच्या वेळीच कागदावर लिहावे. पुढचे भांडण वाचते.

माप-तोलात कसूर करणाऱ्यांना कुरआनने कडक इशारा दिला आहे. खडीच्या भावात भुकटी आणि माती विकणे हीसुद्धा मापातली चोरीच आहे. भराव जमिनीखाली झाकला जातो, पण पहिल्या पावसात त्याचा जबाब मिळतो. ज्याचा भराव खचत नाही, त्याच्या दारी गिऱ्हाईक पुन्हा येते. बरकत त्यातच आहे, असे आम्हाला वाटते.